‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका

मूल दोन वर्षांचे होते. धावते, पायऱ्या चढते, डब्यांची झाकणे तासन्‌तास फिरवत बसते. पण ‘आई’ म्हणत नाही. घरात एकच वाक्य फिरत असते, ‘बोलेल की! याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ शेजारी सांगतात, मुलगे उशिराच बोलतात. कुणी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगते, तर कुणी जिभेखालचा पडदा दाखवून या म्हणते. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण आधी तीन वर्षांपर्यंत, मग अंगणवाडीत रुळेपर्यंत, मग शाळेत मुलांमध्ये मिसळेपर्यंत अशी वाट पाहता पाहता मूल पाच वर्षांचे होते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अनेक मुले याच वयात पहिल्यांदा आमच्यासमोर येतात.

उशिरा बोलणारे प्रत्येक मूल स्वमग्न नसते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. काही मुले शब्द उशिरा काढतात. पण हवी ती वस्तू बोटाने दाखवतात, आपल्याकडे बघून हसतात, ‘बाबांची चप्पल आण’ म्हटले की आणतात, रिकाम्या कपातून खोटाखोटा चहा पितात. त्यांतली बरीच मुले पुढे बरोबरीला येतात. काही मुलांना कमी ऐकू येते. ‘ताट पडले की दचकतो, म्हणजे ऐकू येते’ हा निष्कर्ष पुरेसा नाही. काही आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. म्हणून न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे.

स्वमग्न मुलाची अडचण मात्र फक्त शब्दांची नसते. शब्दाच्या आधी जी देवाणघेवाण असते, तीच त्याच्याकडून आपोआप घडत नाही. म्हणून उपायही जिभेपासून नव्हे, तर त्या देवाणघेवाणीपासून सुरू होतो. ती मुख्यतः घरात, रोजच्या कामांतच शिकवली जाते. आणि ती कशी शिकवायची हे आईवडिलांना, आजीला, अंगणवाडी सेविकेला शिकवता येते. यासाठी पालकांनी तज्ज्ञाच्या तारखेची वाट पाहत हात बांधून बसू नये आणि शासनाने हे कौशल्य केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी कोंडून ठेवू नये.

शब्दाआधीचे बोलणे

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मूल नावाने हाक मारली की वळते. पुढच्या काही महिन्यांत ते बोटाने दाखवू लागते. कधी हवे म्हणून, तर कधी नुसतेच ‘तो बघ चांदोबा’ म्हणून. हे दुसरे बोट फार महत्त्वाचे. त्यात मागणी काहीच नसते. ‘मी पाहतो ते तूही पाहा’ एवढेच असते. भाषेचा पाया इथे पडतो. आई चांदोबाकडे पाहत ‘चांदोबा’ म्हणते तेव्हा मूलही तिकडेच पाहत असेल, तर शब्द त्या वस्तूला चिकटतो. मुलाचे लक्ष त्याच वेळी पंख्याच्या पात्यांवर असेल, तर शब्द हवेत विरतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत असे दिवसातून शेकडो वेळा घडते.

म्हणून दीड वर्षाच्या मुलाकडे पाहताना किती शब्द येतात एवढेच मोजू नका. नावाला ओ देतो का? बोटाने दाखवतो का? हवी ती वस्तू मागताना आपल्याकडे पाहतो, की आपला हात पक्कडीसारखा धरून माठाकडे नेतो? सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. निदानाला थोडा वेळ लागू शकतो. घरातल्या सरावाला निदानाची अट नाही. मूल पुढे स्वमग्न नाही असे ठरले, तरी या सरावाने त्याचे काही बिघडणार नाही.

दोषी शोधण्यात गेलेली वर्षे

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. त्यांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन बोलत नव्हती. म्हणजे बोलण्याचा प्रश्न पहिल्या नोंदीपासून या अवस्थेसोबत आहे. पुढे दोन-तीन दशके मात्र ‘आईच्या थंड वागण्यामुळे असे होते’ हा समज डॉक्टरांमध्येही रूढ होता. १९७७ मध्ये इंग्लंडमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला आणि तो समज टिकला नाही. लसीचा आरोपही असाच. १९९८ मध्ये गोवर-गालफुगी-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. लाखो मुलांवरील अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. लक्षणे ठळक होण्याचे आणि लसीचे वय एकच, एवढाच तो योगायोग.

आपल्याकडे आरोपाचे शब्द बदलले, रोख तोच राहिला. ‘आई नोकरीला जाते’, ‘घरात बोलायला माणसेच नाहीत’, ‘मोबाइल दिला म्हणून झाले’. मोबाइलने स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मात्र मोबाइल समोर असताना समोरासमोरचे बोलणे बंद होते, आणि या मुलांना तेच सर्वाधिक हवे असते. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांत तासाभराहून अधिक नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे मार्गदर्शन आहे. मोबाइल काढून घेतल्यावर रिकामा झालेला वेळ माणसाने भरला, तरच उपयोग.

घरात काय करायचे?

पहिली गोष्ट, परीक्षा घेणे थांबवा. ‘हे काय आहे? बोल ना. काऊ म्हण. म्हण ना काऊ!’ घरी पाहुणे आले की हा प्रकार हमखास होतो. न बोलणाऱ्या मुलासाठी प्रत्येक प्रश्न म्हणजे एक नापास होणे असते. प्रश्नाऐवजी जे घडते आहे त्याचे नाव सांगा. मूल झाकण फिरवत असेल, तर त्याच्या समोर जमिनीवर बसा, तुम्हीही एक झाकण फिरवा आणि म्हणा, ‘गोल गोल’. थांबले की म्हणा, ‘पडले!’ त्याला आपल्या खेळात ओढण्याआधी आपण त्याच्या खेळात जायचे. त्याचे लक्ष जिथे आहे तिथेच शब्द ठेवायचा.

दुसरी गोष्ट, वाक्ये लहान करा. मूल एकही शब्द बोलत नसेल तर एक-दोन शब्दांत बोला, एक शब्द बोलत असेल तर दोन-तीन शब्दांत. ते ‘पाणी’ म्हणाले, की तुम्ही ‘गार पाणी’ किंवा ‘पाणी दे’ म्हणायचे. एका पायरीपेक्षा जास्त उडी नको.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ती म्हणजे गप्प बसणे. बोलून झाले की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना ऐकलेले समजायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण तीन सेकंदांत तेच वाक्य पुन्हा म्हणतो आणि त्याची जुळणी मोडतो. एकत्र कुटुंबात तर आजी, काका, बहीण एकाच वेळी बोलत असतात. एका वेळी एकानेच बोलावे, एवढा नियम केला तरी फरक दिसतो.

चौथी गोष्ट, संधी निर्माण करा. खाऊ पारदर्शक डब्यात, झाकण घट्ट लावून, दिसेल पण उघडणार नाही असा ठेवा. दूध पेल्यात दोनच घोट द्या. झोका देता देता मध्येच थांबवा. रोजचे बडबडगीत शेवटच्या शब्दाआधी सोडून द्या. ‘एक, दोन...’ म्हणून थांबा आणि मुलाकडे पाहा. त्याने नुसते पाहिले, हात पुढे केला, ‘अं’ केले, तरी तो निरोप आहे. लगेच ‘दे!’ म्हणा आणि वस्तू द्या. ‘नीट बोलल्याशिवाय देणार नाही’ असे अडवून धरू नका. उपाशी ठेवून किंवा रडवून शब्द काढण्याचा प्रयत्न केला, तर बोलणे म्हणजे त्रास एवढेच मूल शिकते.

यासाठी वेगळे खेळणे लागत नाही, की वेगळी खोली. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा मुलाच्या हातात द्या आणि ‘थाप थाप’ म्हणा. आंघोळीत प्रत्येक तांब्याआधी थांबून ‘ओतू?’ म्हणा. सदरा घालताना डोके बाहेर आले की ‘भॉक!’ करा. गोठ्यात, अंगणात, बसच्या थांब्यावर तेच शब्द, त्याच क्रमाने, रोज. घरातल्या कामांच्या ओघात अशा दहा-पंधरा लहान फेऱ्या झाल्या, तर आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या उपचाराला खरा जोर येतो.

काही मुले बोलतात, पण ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणतात. आई विचारते, ‘तुला भूक लागली का?’ मूल म्हणते, ‘तुला भूक लागली.’ ‘जेवलास का?’ याचे उत्तर येते, ‘जेवलास.’ घरच्यांना वाटते, पोपटपंची चालली आहे. प्रत्यक्षात त्या मुलाने भुकेचा प्रसंग आणि ते वाक्य यांची गाठ घातलेली असते. फक्त ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल अजून जमलेली नसते. मराठीत क्रियापदही माणसागणिक बदलते, त्यामुळे अडचण वाढते. अशा वेळी रागावू नका, ‘असे नाही म्हणायचे’ हेही नको. मुलाच्या बाजूने बरोबर वाक्य म्हणा, ‘मला भूक लागली’, आणि जेवण वाढा. ‘जेवलास का?’ ऐवजी ‘मी जेवलो’ हे वाक्य त्याच्या छातीला हात लावून शिकवता येते.

चित्रांविषयीची भीतीही काढून टाकायला हवी. चित्र दाखवून मागायला शिकवले तर मूल आळशी होईल, कधीच बोलणार नाही, असे पालकांना वाटते. संशोधन उलट सांगते. चित्रे, खुणा किंवा ॲप वापरल्याने बोलणे मागे पडत नाही. अनेक मुलांत ते थोडेफार वाढलेलेच दिसते. पाण्याचा तांब्या, भाकरी, चप्पल, शौचालय यांचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवले तरी सुरुवात होते. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही बोलते.

आणि भाषा घरचीच ठेवा. ‘एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी’ असा सल्ला अनेक पालकांना मिळालेला असतो. दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुले एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असे अभ्यासांत दिसलेले नाही. आईला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येते, गाणे म्हणता येते, ती भाषा मुलासाठी सर्वांत श्रीमंत. अकोले तालुक्यातील ठाकर आईने आपल्या बोलीतच मुलाशी बोलावे.

किती आशा धरावी?

पालकांचा शेवटचा प्रश्न हाच असतो, ‘डॉक्टर, बोलेल ना?’ याचे होकारार्थी हमीपत्र कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षांच्या वयात भाषा अतिशय मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली गेली. त्यांपैकी ७० टक्के मुले पुढे शब्द जोडून बोलू लागली, ४७ टक्के सफाईने बोलू लागली. म्हणजे चार-पाच वर्षे उलटली म्हणून दार बंद होत नाही. काही मुले मात्र सर्व प्रयत्नांनंतरही फार थोडे शब्द बोलतात. त्यांना चित्राने, खुणेने, टायपिंगने आपले म्हणणे सांगता आले, पोट दुखते हे कळवता आले, तर तेही यशच. आपले ध्येय तोंडातून निघणारा आवाज एवढेच नसून दुसऱ्यापर्यंत पोचणारे म्हणणे हे आहे.

या प्रश्नाच्या हळवेपणाचा फायदा घेणारा बाजारही मोठा आहे. स्वमग्न मुलाला हमखास बोलते करणारे कोणतेही औषध नाही. झोप, आकडी किंवा तीव्र चिडचिड यांसाठी औषधे लागू शकतात, ती वेगळी गोष्ट. स्टेम सेल उपचारांसाठी कुटुंबे कर्ज काढतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ च्या अखेरीस स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाही, आणि तो देणे वा त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल, असे स्पष्ट केले आहे.

जामखेडने दिलेला धडा

पालकांना शिकवायचे कोणी? याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातून आले. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी व ब्रिटनमधील संशोधकांच्या सोबत दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ देत होते ते प्रशिक्षण इथे तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना १२ बैठकांत दिले. पालक व मुलाच्या खेळाचे थोडे चित्रीकरण करायचे, ते पालकासोबत पाहायचे, आणि मूल कुठे साद घालत होते व पालकाचा प्रतिसाद कुठे जुळला हे दाखवायचे. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. चाचणी लहान होती, तिने चमत्कार दाखवला नाही. पण हे काम फक्त पदवीधारकच करू शकतात, हा समज तिने मोडला.

अहिल्यानगर जिल्ह्याला हे नवे वाटू नये. जामखेडमध्ये १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. बाळंतपण, अतिसार, कुपोषण ही डॉक्टरांची मक्तेदारी समजली जाणारी कामे त्या स्त्रियांनी पेलली. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला आले. बोलण्याच्या बाबतीत हीच वाट धरायला अडचण कोणती?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात भाषाविकासातील विलंब आणि स्वमग्नता दोन्हींची तपासणी अपेक्षित आहे. पथकांनी अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट द्यायची आणि पुढील उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्हायचे, अशी ही रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. पण हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून नगरला यायला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आणि एका दिवसाची मजुरी जाते. दर आठवड्याला हे कोण करणार? पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामातले पाच-सहा महिने गावातच नसतात. बीडहून आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांतील मुले इथल्या यादीत नसतात. पथकाच्या भेटीत ती निसटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला, तरी अशी माणसे हजारोंनी असणार. म्हणून तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा बूस्टर डोस देताना आरोग्यसेविकेने किंवा आशाताईने ‘ओ देतो का, बोटाने दाखवतो का, किती शब्द बोलतो’ हे तीन प्रश्न विचारून लसीकरण कार्डावर नोंदवावेत. ऊसतोड कुटुंबांतील मुलांची तपासणी गाव सोडण्याआधी व्हावी आणि कारखाना स्थळावरही पथक जावे. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पंधरवड्यातून एक दिवस पालकांना वर सांगितलेला सराव प्रत्यक्ष करून दाखवला जावा, त्यात अंगणवाडी सेविकाही असाव्यात.

यात एक धोका आहे. ‘पालकच करतील’ म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांची पदे रिकामी ठेवण्याची सबब यातून निघू नये, आणि मूल बोलले नाही तर ‘आईने सराव केला नाही’ असा जुना आरोपही नव्या वेषात येऊ नये. दिवसभर शेतात राबणाऱ्या आईला आणखी एक काम लावणे हा हेतू नाही. तिच्या चालू कामात दुसऱ्या चार हातांनी सामील व्हावे, हा आहे. वडील, आजोबा, मोठी बहीण यांनी एकेक वेळ वाटून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढल्यास ‘निरामय’ विमा योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू शकते. ते काढण्यात लाज बाळगू नये.

तुमच्या घरात, वाड्यात किंवा वस्तीवर दीड-दोन वर्षांचे न बोलणारे मूल असेल, तर त्याच्या आईला ‘बोलेल उशिरा’ असे सांगू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बालरोगतज्ज्ञाकडे आणि श्रवणचाचणीसाठी चिठ्ठी मागा. आणि त्याच संध्याकाळी मुलासमोर जमिनीवर बसा, त्याच्या हातातल्या वस्तूचे नाव घ्या आणि दहापर्यंत मोजत थांबा.